चार सायकल झाल्या, आता पेम्ब्रोसोबत केमो चालूच ठेवायची का?

लेक_नाशिकची:
नमस्कार मंडळी, बाबा ६८ वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर स्टेज ४, अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकार, ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या तपासण्या दोन्ही निगेटिव्ह. कार्बोप्लॅटिन, पेमेट्रेक्सेड (ही दोन केमोची) आणि पेम्ब्रो (पेम्ब्रोलिझुमॅब, इम्युनोथेरपीचं औषध) यांच्या चार सायकल झाल्या, गाठ लहान झालीय, आम्हाला वाटलं सुटलो केमोतून, तर डॉक्टर म्हणतात फक्त कार्बोप्लॅटिन बंद, बाकीची दोन्ही दर २१ दिवसांनी मेंटेनन्स म्हणून, म्हणजे आजार आटोक्यात ठेवायला, चालूच. बाबा वैतागलेत, जेवण जात नाही, जिना चढताना मधेच बसतात. नुसती इम्युनो दिली तर नाही का चालणार??

मिरजकर:
ताई, हे डॉक्टरांनी मनाचं काढलेलं नाही. कीनोट-१८९ ट्रायल बघा, २०१८ ला आली, त्यात असंच होतं, प्लॅटिनम (कार्बोप्लॅटिनसारखं औषध) चार वेळा, मग पेमेट्रेक्सेड झेपेल तोवर आणि पेम्ब्रो जास्तीत जास्त ३५ डोस म्हणजे साधारण दोन वर्षं. पाच वर्षांनी पेम्ब्रोवाल्या गटात १९ टक्के लोक हयात होते, नुसत्या केमोवाल्यांत ११. आता गोम अशी की पेम्ब्रोवाल्या सगळ्यांनाच मेंटेनन्समध्ये पेमेट्रेक्सेड ठरलेलं होतं, त्यामुळे त्या एकट्याचा वाटा किती ते त्यातून वेगळं निघत नाही. म्हणून झेपत नसेल तर डोस कमी करतात नाहीतर ते थांबवून पेम्ब्रो एकटं चालू ठेवतात. विचारायला लाजू नका.

सून_सांगलीची:
आमच्या सासूबाईंचं पेमेट्रेक्सेड क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढायला लागलं म्हणून बंद केलं, पेम्ब्रो चालू आहे. त्याआधी डोळ्यांतून सारखं पाणी, टीव्ही बघतानाही पदर डोळ्यालाच. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज देताय ना? आणि बी-१२ चं इंजेक्शन दर ९ आठवड्यांनी, ते चुकवू नका. गुडघे दुखले म्हणून आयब्युप्रोफेनवाली गोळी मनाने अजिबात नको, पेमेट्रेक्सेड किडनीवाटेच बाहेर पडतं.

जुना_मेंबर:
बाकी राहू द्या, ते जिन्याचं आधी बघा. दम लागणं नवीन आहे का? खोकला? इम्युनोने फुफ्फुसाला सूज येऊ शकते, त्यासाठी पुढच्या सायकलची वाट बघायची नसते, आजच फोन करा. हिमोग्लोबिन पडलं असेल तरी दम लागतो. आणि थकवा म्हटलं की आपण केमोच्या नावाने खापर फोडतो, पण इम्युनोने थायरॉइडही बिघडतो. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलीय का?

लेक_नाशिकची:
दम आठवडाभरातलाच आहे, खोकला नाही. टीएसएच फाइलमध्ये कुठेच दिसत नाही 😟 डे-केअरच्या सिस्टरना फोन लावलाय, त्या डॉक्टरांशी बोलून सांगतायत.