मदत हवी आहे: पहिला स्वतःचा स्नोबोर्ड घ्यायचाय, मित्राचा १६२ सेंटिमीटरचा घ्यावा का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

मी मूळचा नाशिकचा, डेन्व्हरला येऊन सहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं बर्फ म्हणजे दारातून फावड्याने बाजूला करायची गोष्ट, एवढीच ओळख होती. मग मुलगी स्की शिकायला लागली. ती वर डोंगरावर आणि मी खाली बाकावर, हे मनाला पटेना, म्हणून ३८व्या वर्षी मी स्नोबोर्ड पायाला बांधला. हा तिसरा हिवाळा. आजवर साधारण २२ दिवस झाले, सगळे भाड्याच्या सामानावर. हा खेळ मला मनापासून आवडलाय आणि आता स्वतःचा बोर्ड घ्यायचा आहे.

माझी माहिती: उंची ५ फूट ९ इंच, वजन ७४ किलो. रोजचे बूट अमेरिकी साडेदहा नंबरचे, भाड्याचे बूटही त्याच नंबरचे घेतो. डावा पाय पुढे. हिरवे (सर्वांत सोपे) उतार निवांत जमतात, निळे (मध्यम) बहुतेक जमतात. काळ्या (कठीण) उतारावर एकदाच गेलो, तो अर्धा घसरतच उतरलो. पंजाच्या कडेवरचं, म्हणजे बोर्डाच्या बोटांकडच्या धारेवरचं, वळण छान बसतं. टाचेच्या कडेवर मात्र उतार जरा तीव्र झाला की बोर्ड थरथरतो, कड सुटते आणि मी खाली बसतो. गेल्या हंगामापासून हे असंच चाललंय.

जाणं मुख्यतः लव्हलँड आणि कीस्टोन या स्कीच्या डोंगरांवर. दहातले सात-आठ दिवस मुलीबरोबर, म्हणजे कीस्टोनचा स्कूलमार्म आणि तसलेच लांब हिरवे उतार, मध्ये मध्ये सपाट पट्टे असलेले. उरलेले दोन-तीन दिवस मित्रांबरोबर. ते झाडांमधून, ताज्या बर्फातून जातात आणि मलाही तिथेच पोचायचंय.

आता पेच असा. ऑफिसमधला मित्र त्याचा जुना बोर्ड बाइंडिंगसकट (बूट बोर्डाला धरून ठेवणारे पट्टे) १५० डॉलरला देतोय. १६२ सेंटिमीटर, वाइड म्हणजे जास्त रुंद, कडक, पूर्ण कॅम्बर (मधला भाग कमानीसारखा उचललेला). सात-आठ वर्षं वापरलेला. तो माझ्याहून १५ किलोने तरी जड आहे आणि उत्तम चालवतो. दुकानात दाखवलेला बोर्ड १५६ चा, दोन पायांच्या मध्ये कॅम्बर आणि टोकांना रॉकर (टोकं वर वळलेली), फ्लेक्स म्हणजे कडकपणा दहात पाच, किंमत ४५० डॉलर, बाइंडिंग वेगळं. मित्र म्हणतो, "शिकाऊ बोर्ड घेतलास तर वर्षभरात तुला पुरेनासा होईल." त्याचं म्हणणं खरं आहे का? तीनशे डॉलर वाचवावेत की नाही, एवढाच प्रश्न असता तर विचारलं नसतं. चुकीचा बोर्ड घेऊन उत्साहच मावळेल, याची भीती जास्त आहे.

हिमवाट

गोदाकाठ, १६२ घेऊ नका. मी गेली आठ वर्षं शनिवार-रविवारी नवशिक्यांना शिकवते. मोठ्या माणसाचा जुना बोर्ड घेऊन आलेले लोक दर हंगामात भेटतात आणि त्यांची प्रगती तिथेच थांबलेली असते.

बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. उभा धरून हनुवटीपर्यंत येतो का ते बघायचं, ही पद्धत फार ढोबळ आहे. कंपनी प्रत्येक लांबीपुढे वजनाचा पट्टा देते, तो आधी वाचा. ७४ किलोला सर्वसाधारण बोर्ड १५४ ते १५८ या दरम्यान बसतो. वळण घ्यायचं म्हणजे बोर्ड कडेवर आणून दाबाने वाकवायचा. लांब, रुंद आणि कडक बोर्ड तुमच्या वजनाने पुरेसा वाकणारच नाही, म्हणजे वळणार नाही, नुसता घसरत राहील. त्यात तो रुंद, त्यामुळे एका कडेवरून दुसरीवर न्यायलाही वेळ लागणार. निळ्या उतारावर हे त्रासाचं आहे आणि झाडांमध्ये धोक्याचं.

पण तुमचं लिहिणं वाचून मला बोर्डाआधी बुटांची शंका आली. पंजावर ठीक आणि टाचेवर कड सुटते, तीही तीव्र उतारावरच, याचं एक कारण बसण्याची ढब असू शकतं. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकलात की टाचेची कड थरथरते. खुर्चीत बसल्यासारखं गुडघ्यातून बसायला हवं. दुसरं कारण म्हणजे बुटाची टाच बोर्डाबाहेर जास्त लोंबत असेल, तर कड कलंडल्यावर टाचच बर्फाला टेकते आणि कड उचलली जाते. पुढच्या वेळी पडलात की मागे वळून बघा. कडेच्या रेषेशेजारी दुसरी खरड दिसली तर दोष बुटाचा.

घरी एवढं करा. संध्याकाळी कागदावर उभे राहा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन टाका आणि सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. स्नोबोर्डच्या बुटावर माँडो नावाचा आकडा असतो, तो म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. साडेदहा नंबर म्हणजे माँडो २८.५. तुमचा पाय खरंच तेवढा आहे का ते कळवा, मग बोर्डाच्या रुंदीबद्दल बोलू.

उत्तरपूर्व

लांबी आणि बुटांबद्दल हिमवाट यांच्याशी सहमत. मात्र कॅम्बरच्या नावाने कोणी घाबरू नये म्हणून लिहितो.

मी व्हरमाँटमध्ये शिकलो. तिथे दुपारी वितळलेलं रात्री गोठतं आणि सकाळी उतार काचेसारखा असतो. कॅम्बर म्हणजे बोर्ड सपाट जागी ठेवला की मधला भाग कमानीसारखा किंचित उचललेला. त्यावर उभं राहिलं की दाब पूर्ण कडेवर पसरतो आणि कड धरते. रॉकर उलटा, झुलत्या घोड्याच्या पायांसारखा. त्याची टोकं वर राहतात, त्यामुळे कड अडकून आपटायची भीती कमी आणि ताज्या बर्फात नाक वर तरंगतं, पण कडक बर्फावर तो निसटतो. पहिल्या हंगामात मी रॉकर घेतला होता आणि सगळा हिवाळा भरकटण्यात गेला. मध्यम फ्लेक्सचा कॅम्बर घेतला तेव्हा वळण खऱ्या अर्थाने कळलं. चूक झाली की तो लगेच सांगतो, म्हणून माणूस शिकतो.

मित्राचा बोर्ड वाईट आहे तो कॅम्बरमुळे नाही, कडकपणामुळे आणि आकारामुळे. आणि फ्लेक्सच्या आकड्यावर फार विसंबू नका. सर्व कंपन्यांना मिळून असं एकच माप नाही. एकीचा पाच दुसरीचा सात असू शकतो. दुकानात बोर्ड हाताने वाकवून, पिळून बघा.

हिमवाट

उत्तरपूर्व, व्हरमाँटसाठी तुमचं म्हणणं मान्यच. पण कोलोरॅडोचा बर्फ कोरडा असतो आणि यांचे बहुतेक दिवस ग्रूम केलेल्या (यंत्राने दाबून सारख्या केलेल्या) हिरव्या-निळ्या उतारांवर जाणार आहेत. बावीस दिवसांच्या माणसाला मध्ये कॅम्बर, टोकांना रॉकर हा मेळ चांगला. पायाखाली कड धरते, टोकं माफ करतात. लव्हलँडला वाऱ्याने कडक झालेले पट्टे लागतात, तिथे पूर्ण रॉकर मात्र नको. मोठी पकड हवीच असेल तर लिब टेक आणि जीएनयू या कंपन्यांच्या बोर्डांची कड नागमोडी असते, मॅग्ने-ट्रॅक्शन म्हणतात तिला. तीही चालवून बघण्यासारखी आहे.

अफरवाट

मी पुण्यात असतो, दर हिवाळ्यात गुलमर्गला जातो. कॅम्बर-रॉकरचं मला यांच्याइतकं कळत नाही. माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या "तिथेच पोचायचंय" या वाक्यात मला ती दिसली.

गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो आणि तिथून खाली सगळा न दाबलेला बर्फ. ते दृश्य डोक्यात ठेवून मी पहिलाच बोर्ड खास पावडरचा, म्हणजे ताज्या मऊ बर्फाचा घेतला: रुंद नाक, आखूड शेपूट, पाय मागे सरकवलेले. प्रत्यक्षात दुसरा टप्पा वाऱ्यामुळे, हिमस्खलनाच्या धोक्यामुळे कितीतरी वेळा बंद असतो. दिवसांमागून दिवस मी खालच्या दाबलेल्या उतारांवर तो बोर्ड घेऊन फिरलो. उलटा, म्हणजे उजवा पाय पुढे करून सराव करायचा तर त्यावर जमतच नव्हतं. दोन हंगाम मी त्या बोर्डाशी झगडलो.

तुमचे सात-आठ दिवस मुलीबरोबरचे आहेत, बोर्ड त्या दिवसांचा घ्या. तिच्या मागे-पुढे, उलटसुलट फिरायला दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन किंवा जवळजवळ ट्विन बरा. सपाट पट्ट्यांसाठी बेस (बोर्डाचा तळ) सिंटर्ड, म्हणजे वॅक्स (मेण) शोषून घेणारा असला आणि वेळेवर वॅक्स केलंत तर वेग टिकतो, पाय सोडून ढकलत जावं लागत नाही. वॅक्स मात्र करायलाच हवं. कोरडा पडलेला सिंटर्ड बेस साध्या बेसहून चांगला पळत नाही. मोठा बर्फ पडेल त्या दोन दिवसांपुरता पावडर बोर्ड भाड्याने आणा.

आणि झाडांमध्ये कधीही एकटे जाऊ नका. बुंध्याभोवती फांद्यांखाली मऊ बर्फाचा खड्डा असतो, त्यात डोकं खाली जाऊन पडलेल्या माणसाला स्वतःहून सहसा निघता येत नाही. सोबती नजरेच्या टप्प्यात हवा, शिट्टी गळ्यात हवी.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाय मोजले. डावा २७.२, उजवा २७.४ सेंटिमीटर. म्हणजे माँडो २७.५, अमेरिकी साडेनऊ. मी तीन हिवाळे पूर्ण एक नंबर मोठे बूट घालत होतो! भाड्याच्या दुकानात रोजच्या बुटाचा नंबर विचारतात, तो मी सांगायचो, बस. शनिवारी लव्हलँडला मुद्दाम मागे वळून खरड बघितली. टाचेच्या वळणावर दोन जागी स्पष्ट दुसरी रेघ होती.

मग आता वाइड बोर्ड लागणार नाही, असं धरू का? आणि नवीन बूट किती घट्ट असावेत?

हिमवाट

वाइड अजिबात नको. हिशोब साधा आहे. बाइंडिंगखाली बोर्डाची रुंदी तुमच्या अनवाणी पायाहून किंचित कमी असावी. २७.४ चा पाय तिरका ठेवला की साधारण साडेसव्वीस सेंटिमीटर आडवी जागा घेतो. कमरेशी, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद जागी, बोर्ड बाइंडिंगखालच्या रुंदीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर अरुंद असतो, म्हणजे कमरेची रुंदी २५ ते २५.५ सेंटिमीटर बघा. दुकानातला १५६ बहुधा त्यातच असेल, त्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं.

बूट: ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत. पंजावर उभं राहून टाच उचलून बघा. आत टाच बुटापासून सुटली तर ते बूट नकोत. काही दिवसांत आतलं अस्तर दबून बूट सैल होतात, म्हणून दुकानात "मस्त ऐसपैस" वाटणारा जोड घेऊ नये. दुखता कामा नये, पण सगळीकडून धरलेला हवा. पातळ मोजे घालून वीस मिनिटं दुकानातच फिरा. पैसे कमी पडत असतील तर बोर्डात वाचवा, बुटात नको.

गोदाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितोय. बूट आधी घेतले, माँडो २७.५. मग दुकानातून दोन बोर्ड एकेक दिवस चालवायला आणले. खरेदी केली तर भाडं किमतीतून वजा होतं. पहिल्या दिवशी मेळवाला १५६, दुसऱ्या दिवशी उत्तरपूर्व यांच्या आग्रहाचा मान ठेवून मध्यम फ्लेक्सचा पूर्ण कॅम्बर १५५.

कॅम्बरवर निळ्या उताराचं वळण जास्त कोरीव आलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण लेकीसाठी थांबत, हळू, सपाट बोर्डाने जाताना त्याची कड दोनदा अडकली आणि एकदा मनगटावर पडलो. १५६ वर दिवसभर दमलो नाही. दोन्ही दिवशी टाचेची कड मात्र सुटली नाही. जिथे नेहमी बसायचो त्या वळणावरून मुलगी खाली उभी राहून बघत होती, मी तिच्यापर्यंत उभाच पोचलो. १५६ घेतला. मित्राला कारण समजावलं, त्यालाही पटलं.

आता एकच राहिलं: बाइंडिंगचे कोन किती ठेवू? आणि मित्र त्याचं जुनं बाइंडिंग फुकट देतोय, ते बसेल का?

उत्तरपूर्व

अभिनंदन! पुढच्या हिवाळ्यात कॅम्बर पुन्हा चालवून बघा.

पुढचा पाय अधिक १५ अंश (बोटं बोर्डाच्या नाकाकडे), मागचा उणे ६ (बोटं शेपटीकडे) पासून सुरू करा. गुडघा दुखला तर तीन-तीन अंशांनी बदला. बाइंडिंग बोर्डाच्या रुंदीच्या मधोमध बसवा, पंजा आणि टाच दोन्हीकडे बूट सारखाच बाहेर यायला हवा. तुमच्या जुन्या त्रासाचा अर्धा भाग यातही असू शकतो.

जुन्या बाइंडिंगची तबकडी (स्क्रूंनी बोर्डाला जोडणारा गोल भाग) बघा. बर्टन कंपनीच्या बहुतेक बोर्डांना छिद्रांऐवजी मधोमध खाच असते, बाकीच्यांना बहुतेक स्क्रूच्या छिद्रांच्या ओळी. तबकडी जुळली तरच बसेल. शिवाय मित्राचं बाइंडिंग मोठ्या मापाचं असेल, तुमचा साडेनऊचा बूट त्यात हलेल. पट्टे पूर्ण आवळूनही हलला तर घेऊ नका. आणि बसवल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळा. लिफ्टच्या खाली बहुतेक ठिकाणी स्क्रूड्रायव्हर बांधून ठेवलेला असतो.