सेडिमेंटेशनला 'निवळणे' म्हणता येईल का?

भाषांतरवाली: अवकाश स्थानकावरच्या कोलॉइड (द्रवात विखुरलेले सूक्ष्म कण) प्रयोगांवरचा लेख मराठीत आणतेय. सेडिमेंटेशनला, म्हणजे द्रवातले कण तळाशी बसण्याला, कोशात 'अवसादन' आहे. मी 'निवळणे' लिहिलं, ते संपादकांनी खोडलं. तुम्ही काय लिहाल?

जुना मास्तर: 'निवळणे'च. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी हंड्यात भरून तुरटी फिरवायची. सकाळी वर निवळ पाणी, तळाशी गाळ. अवसादन म्हटलं की कोण समजणार?

प्रयोगशाळा: मी संपादकांच्या बाजूने. निवळतं ते पाणी, बसतो तो गाळ. जमिनीवर दोन्ही एकदमच होतं, म्हणून फरक जाणवत नाही. बीकॅट-3 प्रयोगात (2004 मध्ये स्थानकावर अंतराळवीर मायकेल फिंक यांनी त्याचे फोटो काढले) द्रवात अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण होते आणि सोबत पॉलिमर (लांब साखळीचे रेणू). पॉलिमरमुळे कण एकमेकांकडे ओढले जातात आणि नमुन्यात कणदाट, कणविरळ असे भाग वेगळे होतात. म्हणजे एक भाग निवळला, पण तळाशी काही बसलं नाही. तेव्हा 'निवळणे' त्याच्यासाठी राखा. सेडिमेंटेशनला 'गाळ बसणे' म्हणा.

भाषांतरवाली: फरक पटला. पण 1995 मध्ये कोलंबिया यानात नेलेले नमुने घ्या. पृथ्वीवर वर्षभर काचेसारखे अस्ताव्यस्त राहिलेले कण तिथे शून्य गुरुत्वात दोन आठवड्यांच्या आत स्फटिकात रचले गेले. एकाच मापाच्या त्या गोळ्यांना 'गाळ' म्हणायला मन होत नाही.

प्रयोगशाळा: 'शून्य' नका लिहू. 400 किमीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नऊ दशांश असतं. यान आणि नमुना सोबतच पडत राहतात, म्हणून कणांना वजन जाणवत नाही.

शुद्धमराठी: ते राहू द्या, आधी 'कोलॉइड' काढा. पाठ्यपुस्तकात 'कलिल' आहे. गीतेतही 'मोहकलिलं' आहे (2.52).

जुना मास्तर: गीतेतलं कलिल म्हणजे चिखल, गुंता. रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम यांनी 1861 मध्ये कोलॉइड शब्द घडवला तो ग्रीक 'कोल्ला'वरून, म्हणजे चिकटवायचा सरस. माझ्या मते नुसता उच्चार जुळला म्हणून आपल्याकडे कलिल आलं.

शुद्धमराठी: जुळला तर बिघडलं काय? मुलं शाळेत तोच शब्द शिकतात.

रत्नांग्रीकर: ताकावर सुटतं त्या पाण्याला आम्ही 'निवळ' म्हणतो. कणविरळ भागाला 'निवळ' आणि कणदाट भागाला 'साका' केलं तर?

प्रयोगशाळा: साका तळालाच बसतो हो. पुन्हा तिथेच आलो.

जुना मास्तर: आणि साका तेलाचा. ताकाला साका म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

रत्नांग्रीकर: आमच्याकडे सर्रास म्हणतात. देशावरच्यांनी सांगावं, तिकडे काय म्हणतात?