ओसाड गावची पाटीलकी विकणे आहे

कोलंबसकर:
इथे ओहायोत माझा एक मित्र आहे, मूळचा सांगलीचा. आयटीत माणसं पुरवायची छोटी कंपनी चालवतो. गेल्या महिन्यात त्याला फोन आला की तुमच्या भागात व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ काढायचाय, मालक होता का? किंमत साधारण एका बऱ्यापैकी गाडीएवढी. लीगचं नाव देत नाही. खालच्या पातळीच्या अशा लीग इथे बऱ्याच होऊन गेल्यात आणि आजही आहेत.

त्याने फोन स्पीकरवर टाकला होता आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. समोरचा गडी वीसेक मिनिटं बोलला, त्यात बास्केटबॉल दोन मिनिटांचं. 'ओनर' हा शब्द मोजायला घेतला, मग नाद सोडला. "तुमच्या मुलीच्या शाळेत सगळे तुम्हाला टीमचे ओनर म्हणून ओळखतील." "शहर शुक्रवारपर्यंत तुमच्या नावाने राखून ठेवतो, अजून दोघं विचारतायत." हे राखून ठेवायचे पैसे वेगळे, आणि ते परत मिळत नाहीत.

मग इतिहास सुरू झाला. 1967 ची मूळ एबीए ही लीग, तिचा तो लाल-पांढरा-निळा चेंडू, 1976 मध्ये तिचे चार संघ एनबीएत, म्हणजे इथल्या सर्वात मोठ्या लीगमध्ये, गेले ते. आणि हुकमाचा एक्का म्हणजे सिल्ना बंधू. त्यांच्या सेंट लुइसच्या संघाला एनबीएत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी एकरकमी भरपाईवर न थांबता आत गेलेल्या चार संघांच्या टीव्हीच्या पैशांतला सातवा हिस्सा मागून घेतला, तोही कायमचा. 2014 मध्ये एनबीएने तो करार मिटवला, त्यासाठी 50 कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. गोष्ट खरी आहे. पण तिचा आमच्या गावातल्या हायस्कूलच्या जिमशी संबंध काय?

माझं म्हणणं एवढंच की या लीगना तिकिटांतून काही मिळत नाही, मिळतं ते नव्या मालकांच्या चेकमधून. म्हणजे त्यांचा माल संघ हाच, आणि गिऱ्हाईक म्हणजे प्रेक्षक नव्हे, माझा मित्र. चेक वटला की विकणाऱ्याचं काम झालं. पुढे संघ दोन सामन्यांत बसला तर उलट बरंच. शहर मोकळं होतं, परत विकता येतं.

मागच्या हिवाळ्यात असा एक सामना पाहिलाय. चाळीस-पन्नास प्रेक्षक. पाहुण्या संघाचे सहा जण आलेले, सातवा म्हणे वाटेत आहे. एकाच्या जर्सीवर पांढरी टेप चिकटवून 4 चा 14 केलेला. शॉट क्लॉक (चेंडू किती सेकंदांत टाकायचा ते दाखवणारं घड्याळ) नव्हतं, टेबलावरचा पोरगा मोबाईलकडे बघून "टेन!" म्हणून ओरडायचा. मालक स्वतः दारात तिकिटं फाडत होता, आणि मध्यंतरात फरशी पुसायलाही तोच.

रिबाउंड:
धागा चटकदार आहे, पण विक्रीकलेवरच दात असल्यासारखा लिहिलाय. विकणारा गोड बोलणारच. सदाशिव पेठेत दुकान नाही टाकलंय त्याने.

एक उदाहरण देतो. 1946 साली पेनसिल्वेनियातल्या लहान गावांमध्ये एक लीग सुरू झाली, एनबीएच्या काही आठवडे आधी. पोरं आठवडाभर नोकरी करायची, शनिवार-रविवार खेळायची. 1978 मध्ये तिचं नाव कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे सीबीए झालं आणि जिम ड्रकर नावाचा वकील कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, म्हणून आला. एनबीएतले पंच नॉर्म ड्रकर यांचा हा मुलगा. त्याने काय काय केलं बघा. कोर्टाच्या मध्यावर गाडी उभी करायची, तिचं वरचं सनरूफ उघडं. प्रेक्षकांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कागदाची विमानं करायची आणि मध्यंतरात गॅलरीतून सोडायची. ज्याचं विमान सनरूफमधून आत पडेल, त्याची गाडी.

गुणांची पद्धतही त्याने बदलली. प्रत्येक सामन्याचे सात गुण, विजयाला तीन आणि प्रत्येक क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) जिंकल्याला एकेक. पंचवीसने मागे पडलेला संघही शेवटच्या क्वार्टरसाठी झगडायचा आणि लोक पार्किंगकडे पळायचे नाहीत. ही सगळी सेल्समनगिरीच, आणि तिने संघांच्या किमती चढल्या. पुढे एनबीएत गाजलेले प्रशिक्षक इथेच घडले: याच लीगमध्ये फिल जॅक्सनने 1984 मध्ये ऑल्बनीला अजिंक्यपद मिळवून दिलं. जॉर्ज कार्लचा 1990-91 चा ऑल्बनीचा संघ 56 पैकी 50 सामने जिंकला.

तुमच्या मित्राला नको असेल तर नको म्हणावं. सज्ञान आहे तो.

कोलंबसकर:
@रिबाउंड, विमानांचा किस्सा झकास. पण तुम्ही माझ्याच पारड्यात वजन टाकलंत की! ड्रकर विकत होता प्रेक्षकाला. त्याची विमानं गॅलरीत उडत होती. आमच्या फोनवाल्याने वीस मिनिटांत 'प्रेक्षक' हा शब्द एकदाही काढला नाही.

नाना_नगरकर:
आपल्या लोकांचा घोळ वेगळाच आहे. फ्रँचायझी म्हटलं की डोळ्यांसमोर आयपीएल येतं. 2008 मध्ये मुंबईचा संघ 11 कोटी 19 लाख डॉलरला गेला तेव्हा लोक वेड्यात काढत होते, आज तोच भाव फुकटासारखा वाटतो. पण का? प्रक्षेपणाचे पैसे मंडळाकडे जमतात आणि त्यातला वाटा प्रत्येक संघाकडे येतो. स्टेडियम रिकामं राहिलं तरी मालकाच्या हाती काही पडतं. या छोट्या लीगमध्ये पाणी उलटं वाहतं. प्रवेश फी मालकाने भरायची, वार्षिक वर्गणी त्यानेच, पंचांचं मानधन त्याच्याच खिशातून, प्रवासही त्याचाच. वरून खाली काही येत नाही, येतो फक्त लोगो.

समजा, बारा सामने घरच्या मैदानावर, दर सामन्याला 200 माणसं, तिकीट 8 डॉलर. एकूण 19,200 डॉलर. यात जिमचं भाडं, विमा, पंच, बाहेरगावच्या सामन्यांची व्हॅन आणि मोटेल बसवून दाखवा. खेळाडूंना एक छदाम न देता.

ओसाड गावची पाटीलकी म्हणतात ती हीच.

फिजिओ_शुभा:
मी या गोष्टी आतून पाहिल्यात म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संघाबरोबर दोन महिने काम केलं. टेपचे खोके माझ्या गाडीच्या डिकीत असायचे, बर्फ पेट्रोल पंपावरून आणायचा. शेवटच्या तीन आठवड्यांचे पैसे अजून यायचेत, आणि येणार नाहीत हे मला माहीत आहे.

तरीसुद्धा मी कोलंबसकरांशी पूर्ण सहमत नाही. आमचा मालक स्वतः कॉलेजात खेळलेला, दिवसा केस कापायचं दुकान चालवायचा. त्याला कोणी फसवलं असं तो कधी म्हणाला नाही. खेळाडू तर मुळीच नाही. त्यांना पगारापेक्षा हवी असायची फिल्म, म्हणजे खऱ्या सामन्यातलं स्वतःचं चित्रण. ते एजंटला पाठवायचं आणि मेक्सिको, जर्मनी, कुठेही काम मिळवायचं. आमच्या दोघांना मिळालं. सामन्यानंतर घोट्याला बर्फ बांधून घेताना ते कॅमेरावाल्या पोराला विचारायचे, "तो ब्लॉक घेतलास ना रे?"

हे दार पूर्ण बंद झालं तर ही मुलं जाणार कुठे?

अनुस्वार:
@शुभाताई, जी-लीग आहे ना, एनबीएची स्वतःची दुय्यम लीग. एनबीएने 2001 मध्ये ही लीग काढली ती एकही संघ न विकता. तेव्हाचे आठही संघ एनबीएच्या मालकीचे, आठही आग्नेयेकडच्या राज्यांतले: रोआनोक, हंट्सविल, मोबील वगैरे. (त्यात एक कोलंबसही होतं, पण ओहायोतलं नव्हे, जॉर्जियातलं. धागाकर्त्यांनी हुरळून जाऊ नये.)

आणि @रिबाउंड, ड्रकरपुराण अर्ध्यावर का सोडलंत? तो गेल्यावर त्याच सीबीएचं काय झालं? 1999 मध्ये एनबीएतला माजी खेळाडू आयसेया थॉमसने आख्खी लीगच विकत घेतली, साधारण एक कोटी डॉलरला. पुढच्या वर्षी तो इंडियाना पेसर्सचा प्रशिक्षक झाला. एनबीएच्या प्रशिक्षकाला अशी लीग बाळगता येत नाही, म्हणून ती विश्वस्तांकडे गेली आणि फेब्रुवारी 2001 मध्ये भर हंगामात बंद पडली. पन्नासहून जास्त वर्षं चाललेली लीग! किमती चढल्या म्हणता, त्या कशावर? पुढचा घेणारा येईल या भरवशावर.

रिबाउंड:
@अनुस्वार, जी-लीगमध्ये जागा किती आणि मुलं किती? आणि सीबीए बुडाली ती फोनवरच्या गोड बोलण्याने नव्हे, एका माणसाच्या हातात सगळी दिल्याने. पन्नास वर्षं वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या मालकांनीच तर तगवली होती ना?

कोलंबसकर, तुमच्याच ओहायोतली गोष्ट घ्या. यंग्सटाउनचा मिकी मोनस, फार-मॉर या औषध दुकानांच्या साखळीचा कर्ताधर्ता. 1988 मध्ये वर्ल्ड बास्केटबॉल लीग निघाली, सहा फूट पाच इंचांहून उंच खेळाडू नको असा नियम (पुढे दोन इंच सैल केला). लीगमागचा पैसा मोनसचा, आणि तो आला कुठून? कंपनीच्या तिजोरीतून, सुमारे एक कोटी डॉलर. 1992 मध्ये घोटाळा फुटला आणि हंगाम अर्धवट सोडून लीग संपली. इथे लीगमागचा पैसा संघ गळ्यात मारून उभा केला नव्हता, तरी बुडाली. मग दोष विक्रीचा कसा?

कोलंबसकर:
मोनस चोर होता. चोरी वेगळी, विक्री वेगळी. फोनवाल्याने एकही खोटं वाक्य उच्चारलं नाही, हे मला जास्त बोचतं. सिल्ना खरे, चेंडू खरा, 'ओनर'ही खराच.

2000 साली मैदानात उतरलेली नवी एबीए बघा. इंडियानापोलिसचे ज्यो न्यूमन आणि जुन्या एबीएतले डिक टिंकहॅम यांनी उभी केलेली. सुरुवात आठ संघांनी. पुढे एनबीएत गाजलेला डेनिस रॉडमन लाँग बीचकडून खेळून गेला, जपानचा युता ताबुसे आणि मॅट बार्न्सही त्याच संघात होते, बीजिंगचा एक संघ कॅलिफोर्नियात तळ ठोकून खेळला. हे मोठेपण मी नाकारत नाही. पण तेव्हापासून त्या लीगमध्ये शेकडो संघ आले आणि गेले, काही तर जाहीर होऊन एकही सामना खेळले नाहीत. लीग मात्र उभी. एवढे संघ जाऊनही लीग टिकते, तर ती कशावर टिकते हे तुम्हीच सांगा.

झेलम_एक्स्प्रेस:
अवांतर: पुण्याचाही संघ होता हो! पुणे पेशवे. 2015 मध्ये यूबीए नावाची लीग निघाली होती, मुंबई चॅलेंजर्स वगैरे त्यात. दोनेक वर्षांत गाशा गुंडाळला. जर्सी कुठे मिळेल का?

बाकी संघ घ्यायचाच तर विवेक रणदिव्यांसारखा घ्यावा. 2013 मध्ये आधी एनबीएतला सॅक्रमेंटो किंग्ज, मग 2016 मध्ये रिनोचा जी-लीगवाला संघ, आणि 2018 मध्ये तो उचलून घराजवळ स्टॉक्टनला. तिथे तिकीट विक्रीची चिंता कुणाला? पोरं तयार करायची जागा आहे ती.

नाना_नगरकर:
हो, आधी एनबीएचा संघ घ्या, मग सगळं स्वस्तच आहे.

कायदेशीर_काका:
भांडण बाजूला ठेवा, मित्राला एक काम सांगा. अमेरिकेत बर्गरच्या दुकानाची फ्रँचायझी घेतली तर सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या निदान 14 दिवस आधी विकणाऱ्याने लेखी माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात विसावं कलम असतं: मागच्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची नावं व फोन नंबर. बर्गरसाठी मागतात तेच बास्केटबॉलसाठी मागा. सध्याचे मालक नकोत, गेल्या वर्षी बाहेर पडलेले हवेत. आणि शुक्रवारची मुदत असेल तर सोमवारी फोन करा.

रिबाउंड:
काकांना दंडवत. याला माझा विरोध नाही. विकणाऱ्याने बोलावं, घेणाऱ्याने विचारावं.

कोलंबसकर:
अपडेट देतो. काकांच्या सल्ल्याप्रमाणे मित्राने सोमवारी फोन केला. शहर अजून राखीवच होतं, ते 'अजून दोघं' कुठे गेले कोण जाणे. यादी द्यायला आधी खळखळ केली, मग पाच नावं आली. दोघांचे नंबर बंद. एका बाईंनी "नो" म्हणून फोन ठेवला. चौथ्याने उचललाच नाही.

पाचवा मात्र तासभर बोलला, फार मनापासून. खेळाडूंच्या आठवणी, पहिल्या सामन्याला आलेली त्याची आई, सगळं सांगितलं. आणि शेवटी मित्राला म्हणाला, नवीन संघ कशाला घेता, माझ्या गॅरेजमध्ये जर्सीचे दोन सेट, स्कोअरबोर्ड आणि नाव-लोगो सगळं पडून आहे, अर्ध्या किमतीत देतो.

मित्र विचार करतोय.