वांद्रे पूर्वेनं विंदांवर हक्क सांगायला हरकत काय?

पूर्वेचा वाचक:
विंदा करंदीकर म्हटलं की सगळे लगेच धालवली, कोकण. मान्य, १९१८ चा जन्म तिथलाच. पण संसार केला, राहिले ते वांद्र्याच्या साहित्य सहवासात, लेखकांच्या कॉलनीत. कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकरही तिथेच राहायचे, आणि आज त्या गेटसमोर लोक काय सांगतात, तर सचिन इथे खेळायचा! अहो, एका बिल्डिंगचं नावच झपूर्झा आहे, केशवसुतांच्या कवितेवरून. तरी साहित्य म्हणजे गिरगाव, दादर नाहीतर पुणं, उपनगरात फक्त लोकल आणि फ्लॅट, हे ऐकून कान किटलेत माझे. चौकात विंदांच्या नावाचा फलक तरी लावा.

काळाघोडाप्रेमी:
नाही पटलं. राहिले म्हणून नातं जुळत नाही. कवी अरुण कोलटकरांचं दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागाशी नातं आहे कारण तिथली फुटपाथवरची माणसं, कुत्री, सकाळची इडली सगळं कवितेत उतरलंय, २००४ च्या इंग्रजी संग्रहाच्या नावातही तीच जागा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह तसाच, मुंबईतल्या त्याच नावाच्या वस्तीचा. विंदांचे कवितासंग्रह बघा, 'स्वेदगंगा' १९४९ ची, 'मृद्गंध' १९५४ चा, तेव्हा ही कॉलनी उभीसुद्धा नव्हती. मग वांद्र्याचं त्यात काय?

जुहूकर:
मग उर्दू कवी कैफी आझमींचं काय करायचं? राहिले जुहूच्या जानकी कुटीरमध्ये, आणि 'मकान' या कवितेत इमारती बांधून पुन्हा फुटपाथवरच झोपणारे मजूर आहेत. जुहूचं नाव नाही त्यात, पण मुंबईची उपनगरं अशाच हातांनी उभी राहिली ना.

काळाघोडाप्रेमी:
ती कविता कुठल्याही शहराची आहे, हेच तर म्हणतोय मी.

पूर्वेचा वाचक:
आणि विंदांचं 'अष्टदर्शने'? २००३ चं पुस्तक, देकार्त, स्पिनोझा, कांटपासून चार्वाकापर्यंत आठ तत्त्वज्ञ, त्यात ना कोकण ना वांद्रे. तुमच्या मापानं ते कुठल्याच गावाचं नाही. मला तसं वाटत नाही, कवीला गाव कवितेत दिसलंच पाहिजे असं नाही, लिहायला टेबल लागतं, दार वाजवून यावं असे शेजारी लागतात, आणि ते या कॉलनीनं दिलं.

काळाघोडाप्रेमी:
शेजाऱ्यांचं मान्य. हक्काचं अजूनही नाही. पण फलक लावणारच असाल तर नुसतं नाव आणि दोन तारखा नकोत, खाली पूर्ण कविता छापा, आणि रमेश तेंडुलकरांचीही एक, सचिनचे वडील हे शब्द न वापरता.