स्प्रिंगा बदलण्याआधी स्वे बार बघा

पुढून ४ इंच, मागून ६ इंच खाली घेतलेला तुमचा १९७१चा शेवरोले सी-१० पिकअप वळणावर अजूनही झुकतो, म्हणून तुम्ही आणखी कडक स्प्रिंगा टाकायला निघालात. जरा थांबा. गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं, पण नुसत्या आखूड स्प्रिंगांनी बसवली असेल तर पुढच्या ए-आर्मचे (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे) कोन बिघडतात आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, त्याहूनही जास्त खाली जातं. म्हणजे या दोन्हींमधलं अंतर, झुकवणारी तरफ, उलट लांबच होते! ड्रॉप स्पिंडल (चाकाची धुरी वर घेऊन गाडी खाली आणणारे भाग) वापरले असतील तर हा त्रास बराच टळतो. तुमचे कोणते आहेत?

पैसे आधी पुढच्या स्वे बारवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं रोखणाऱ्या आडव्या दांडीवर घाला. भरीव बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे १ इंचाऐवजी सव्वा इंची बार म्हणजे जवळजवळ अडीचपट ताठपणा. कडक स्प्रिंगांसारखी खड्ड्यात कंबर मोडत नाही ते वेगळंच. मागे मात्र बेताचाच बार लावा. पिकअपचा हौदा रिकामा असतो, मागचा बार फार कडक झाला तर पावसात शेपूट सुटते.

आणि मागचा पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सलला आडवा सरकू न देणारी दांडी, विसरू नका. माझ्या ट्रकमध्ये एका बाजूला टायर आणि फेंडरमध्ये दोन बोटं जात, दुसरीकडे एकही नाही; एक्सलच सरकला होता. लांबी बदलता येणारा रॉड घालून तो मधोमध आणला, तेव्हा घासणं थांबलं. शॉकही कमी उंचीसाठीचेच घ्या.