विलीनीकरण, विलय की एकीकरण?

अनुवादक: नेपाळवरच्या लेखात अडलंय. १७ मे २०१८ रोजी एमाले आणि माओवादी केंद्र हे दोन कम्युनिस्ट पक्ष मिळून नेपाळ कम्युनिस्ट पार्टी झाली. मी 'विलीनीकरण' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'विलय' केलं. म्हणे गोव्यातल्या वाचकाच्या डोक्यात भलतंच येईल. पटत नाही.

फोंडेकर: येणारच. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. फुलाला १,३८,१७०, पानांना १,७२,१९१. 'विलीनीकरणवादी' ही इथे अजून शिवीही आहे आणि बिरुदही.

च्वीप्रत्यय: म्हणून 'विलय'? तो हिंदी बातम्यांतून आला. मराठीत विलय म्हणजे लय, नाश. 'विलीनीकरण' म्हणजे जे विलीन नव्हतं ते करणं, व्याकरण चोख. पण अर्थाने तेही चुकतं. मीठ पाण्यात विलीन होतं; इथे दोघांनी मिळून तिसरा पक्ष काढला, मग विरघळलं कोण? 'एकीकरण' घ्या. नेपाळीतही 'पार्टी एकीकरण' म्हणतात.

घाटावरचा: चोर्ला घाट चढून बेळगावात या आणि 'एकीकरण' म्हणून बघा. महाराष्ट्र एकीकरण समितीच आठवेल. कोरा शब्द हवा असेल तर कोशात नाही, दुकानात मिळेल.

फोंडेकर: शिवाय नेपाळचं ते एकीकरण टिकलं कुठे? नव्या पक्षाचं नाव आधीच दुसऱ्या पक्षाने नोंदवलेलं होतं. ७ मार्च २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी रद्द केली, दोन्ही पक्ष पूर्ववत वेगळे.

कायदेवाला: घोळ शब्दकोशाचा नाही, घटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा आहे. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्र ठरत नसत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. उरला परिच्छेद ४: दोन तृतीयांशांची संमती असलेलं विलीनीकरण. तेव्हापासून आमदार फुटतात लोकांच्या बोलण्यात, कागदावर विलीन होतात. गोव्यातच बघा. मार्च २०१९: मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, ३ पैकी २ भाजपमध्ये. जुलै २०१९: काँग्रेसचे १५ पैकी १०. सप्टेंबर २०२२: पुन्हा काँग्रेसचे ११ पैकी ८, दोन तृतीयांश ७.३३, म्हणजे सात जण गेले असते तर अडकले असते.

च्वीप्रत्यय: पण मगो विलीन झाला, तर २०२२ ला दोन जागा कोणी जिंकल्या? भुताने? त्याला 'पक्षांतर' म्हणा.

कायदेवाला: पक्षांतर म्हटलं की अपात्रता आली. वाद नेमका तोच: मूळ पक्ष विलीन व्हावा लागतो, की विधिमंडळ गट पुरतो? उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१९ च्या फुटीरांना अपात्र न ठरवण्याचा सभापतींचा निर्णय कायम ठेवला, म्हणजे गट पुरला.

घाटावरचा: मग 'गटविलीनीकरण' म्हणा. निदान खोटं तरी नाही.

फोंडेकर: 'फोडाफोडी' हा मराठी शब्द जिवंत असताना?

अनुवादक: आणि नेपाळचं काय लिहू? उद्या मजकूर द्यायचाय.

च्वीप्रत्यय: काहीही लिहा, पण 'विलिनीकरण' नको. ली दीर्घ.