मदत हवी आहे : आंबा पल्पच्या कारखान्यात लॅबसाठी अर्ज करायचाय, कव्हर लेटर कसं असावं?

रातांबा : भाची यंदा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली. रत्नागिरीजवळ एका आंबा पल्पच्या कारखान्यात क्यूसी (गुणवत्ता तपासणी) असिस्टंटची जागा निघाली आहे, फ्रेशर चालेल म्हणतात. बायोडेटा आणि कव्हर लेटर ईमेलवर मागवलंय. तिने सुरुवात केलीय, 'आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी प्रामाणिकपणे व कष्टाने काम करेन.' पुढे दीड पान तेच, वर दहावीपासूनचे टक्के. काय ठेवावं? जाहिरात इंग्रजीत आहे, पत्र मराठीत चालेल का?

सुरंगी : जाहिरात इंग्रजीत, तर पत्रही इंग्रजीत. टक्के काढा, ते बायोडेटात आहेतच. उरलेला मजकूर नाव बदलून एखाद्या पतपेढीलाही पाठवता येईल, खरी अडचण ती आहे.

पल्पच्या लॅबमध्ये दिवसभर ब्रिक्स (म्हणजे विरघळलेल्या साखरेचं प्रमाण), पीएच आणि आम्लता बघतात. त्यातलं तिला काय येतं ते लिहा. आम्लता म्हणजे ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन, हे कॉलेजात झालेलंच असणार. मग वाक्य असं : 'आम्ल-अल्कली टायट्रेशन आणि द्रावणाचं प्रमाणीकरण मी स्वतंत्रपणे करते. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरने कॅलिब्रेट करता येतो.' 'मेहनती', 'होतकरू' वगैरे दहा विशेषणांपेक्षा ही दोन वाक्यं भारी पडतात.

ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हाताळला नसेल तर येतो म्हणून ठोकून देऊ नका. मुलाखतीत गरम पल्पचं रीडिंग कमी का येतं असं कुणी विचारलं, की पितळ उघडं पडतं. ब्रिक्स २० अंश सेल्सिअसला धरतात, त्याहून गरम नमुना असेल तर तापमानाची दुरुस्ती करावी लागते. एवढं वाचून जायला सांगा.

एकूण २०० ते २५० शब्द पुरेत. पहिल्या दोन ओळींत पद, जाहिरात कुठे पाहिली आणि शिक्षण. मग वरचा कामाचा भाग, तो सगळ्यात मोठा. शेवटी कधीपासून रुजू होता येईल.

रातांबा : घर राजापूरला आहे. ते लिहायचं की झाकायचं?

सुरंगी : पत्ता बायोडेटात दिसणारच, मग झाकून उपयोग काय? उलट 'सीझनमध्ये रत्नागिरीत राहायची सोय आहे, शिफ्ट चालेल' हे स्पष्ट लिहा, अर्थात सोय खरंच असेल तर. पिकलेलं फळ थांबत नाही, त्यामुळे मे-जूनमध्ये माणूस वेळेवर हजर राहील का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पगाराचा आकडा मागितला नसेल तर लिहू नका.

खाडीकाठ : मेलचं थोडं सांगतो. विषयाच्या ओळीत पद आणि नाव, जाहिरातीत क्रमांक असेल तर तोही. पत्र पीडीएफ करून जोडा. वर्डची फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर हमखास विस्कटते. फाइलला 'न्यू फायनल २' नाही, तिचं नाव आणि पद द्या. मेल कोरा सोडू नका, तीन ओळी पुरे : कुठल्या पदासाठी अर्ज, काय जोडलंय, फोन नंबर. ड्राइव्हची लिंक अजिबात नको, परवानगी द्यायची राहते आणि समोरचा परत विचारत बसत नाही. पाठवण्याआधी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर मेल टाकून फोनवर उघडून बघा. आधीच्या अर्जातल्या कंपनीचं नाव राहिलं असेल तर तिथेच दिसेल.